आर३६ जीटी-आर: नुसत्या वावड्या, की खरंच काही शिजतंय?

टॉर्कवेडा:
२६ ऑगस्ट २०२५ ला तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची निसान जीटी-आर आर३५ बाहेर पडली. (जीटी-आर म्हणजे निसानची जलद स्पोर्ट्स गाडी; आर३२, आर३४, आर३५ या तिच्या पिढ्या आणि आर३६ म्हणजे पुढची, अजून न आलेली.) मिडनाइट पर्पल रंगाची, टी-स्पेक ही खास आवृत्ती. १८ वर्षांत मिळून साधारण ४८,००० गाड्या. एवढी वर्षं एकच मॉडेल कुणी चालवत नाही, पण हिने चालवलं.

त्याच वेळी निसानचे मुख्य कार्यकारी इव्हान एस्पिनोसा यांनी सांगितलं की जीटी-आर परत येईल, मात्र नेमकी योजना अजून ठरलेली नाही, धीर धरा. झालं! तेव्हापासून दर आठवड्याला एक नवी वावडी. कुणी म्हणतं पूर्ण विजेवर चालणारी, २०२३ च्या टोकियो प्रदर्शनात दाखवलेल्या हायपर फोर्ससारखी. कुणी म्हणतं सहा सिलिंडरचं व्ही६ इंजिनच राहणार, जोडीला मोटर, म्हणजे हायब्रिड. कुणी म्हणतं होंडाबरोबर सांगाडा वाटून घेणार, म्हणजे एकाच पायावर जीटी-आर आणि होंडाची स्पोर्ट्स गाडी एनएसएक्स. संगणकावर काढलेल्या चित्रांना तर पूर आलाय.

मी शाळेत असताना मित्राच्या घरी प्लेस्टेशनवर आर३४ चालवायचो. २०१७ मध्ये वांद्र्याला सिग्नलवर आमच्या रिक्षाशेजारी खरी आर३५ येऊन थांबली. सिग्नल हिरवा झाला तरी माझी मान तिकडेच. तेव्हापासून ही गाडी डोक्यात आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: आत इंजिन नसेल तर तिला जीटी-आर हे नाव लावू नये. तुम्हाला यातली कुठली वावडी खरी वाटते? आणि काय आलेलं आवडेल?

वाचनमात्र:
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहीन.

गिअरबॉक्स:
शीर्षकातच ३६ आहे. निसानचा आणि पैशाचा सध्या छत्तीसचा आकडा आहे, त्यामुळे नाव अगदी समर्पक :)

डिझेलराव:
@गिअरबॉक्स, विनोद म्हणून ठीक, पण खरी अडचण तीच आहे. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात निसानला ६७,०९० कोटी येनचा तोटा झाला. २०,००० नोकऱ्या कमी करणार, १७ कारखान्यांचे १० करणार. ओप्पामाचा कारखाना, जिथे त्यांची पहिली लीफ ही विजेवरची गाडी तयार झाली, तिथलं उत्पादन थांबणार. योकोहामाचं मुख्यालय ९,७०० कोटी येनला विकलं आणि त्याच इमारतीत आता भाड्याने राहणार आहेत.

राहतं घर विकून त्याच घरात भाडं भरायची वेळ आलेल्या माणसाने मुलाच्या लग्नात हत्ती-घोडे आणायचे नसतात. आधी घर सावरा. अशा गाडीवर नफा मिळायला वर्षानुवर्षं लागतात. २०३० च्या आधी काही येत नाही, हे माझं ठाम मत. वावड्या पिकवणाऱ्यांचं काय जातं!

टॉर्कवेडा:
आकडे नाकारत नाही. पण पडत्या काळातच कंपनीला एक अशी वस्तू लागते जिच्यामुळे लोक तिच्याकडे वळून बघतील. १९९९ मध्येही निसान बुडत होती. कंपनी सावरायला कार्लोस गोन आले, पाच कारखाने बंद केले, आणि त्याच माणसाच्या काळात आर३५ ला परवानगी मिळाली. २००१ च्या टोकियो प्रदर्शनात संकल्पना, २००५ ला प्रोटो हा नमुना, २००७ च्या डिसेंबरमध्ये विक्री.

डिझेलराव:
म्हणजे सहा वर्षं. मी तेच म्हणतोय :)

खंबाटकी:
मला गाड्यांतलं फार कळत नाही, खरंच विचारतोय. आर३५ सारखी ५७० अश्वशक्ती आता बऱ्याच गाड्यांत असते. मग हिच्याच मागे एवढं का लागायचं?

जुनापुराणा:
@खंबाटकी, प्रश्न चांगला आहे. मोठं उत्तर देतो.

जीटी-आर निघाली स्कायलाइन या गाडीतून, आणि स्कायलाइन मुळात निसानची नाही, प्रिन्स कंपनीची. १९६४ च्या जपान ग्रां प्रीमध्ये प्रिन्सच्या साध्या चार दारांच्या स्कायलाइनने एका फेरीपुरतं पोर्शे ९०४ ला मागे टाकलं. फक्त एक फेरी! पण जपानी माणूस ती विसरला नाही. १९६६ मध्ये प्रिन्स निसानमध्ये विलीन झाली, १९६९ ला पहिली जीटी-आर आली, दोन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन घेऊन, आणि तिने शर्यतींमागून शर्यती मारल्या. १९७३ ला दुसरी आली आणि लगेच गेली. केवळ १९७ गाड्या. प्रदूषणाचे नवे नियम आणि तेलाचं संकट एकदमच अंगावर आलं.

त्यानंतर १६ वर्षं जीटी-आर नव्हतीच. १९८९ ला आर३२ आली. इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण या गाडीचा स्वभाव त्यात आहे. तिच्या इंजिनाची क्षमता २,५६८ सीसी. असा विचित्र आकडा का? शर्यतीच्या ग्रुप ए नियमात टर्बो असेल तर क्षमतेला १.७ ने गुणायचं. २,५६८ गुणिले १.७ म्हणजे सुमारे ४,३६६. म्हणजे गाडी ४,५०० सीसीच्या गटात बसते आणि त्या गटात रुंद टायर चालतात. चारही चाकांना ताकद द्यायची तर रुंद टायर हवेतच. आधी नियमांचं पुस्तक वाचलं, मग इंजिन आखलं.

मग काय झालं? १९९० ते १९९३, जपानी टूरिंग कार स्पर्धेत २९ पैकी २९ शर्यती आर३२ ने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मोठी शर्यत १९९१ आणि १९९२ लागोपाठ. तिथल्याच एका मासिकाने तिला 'गॉडझिला' म्हटलं. पुढे नियमच असे बदलले की तिला जागाच उरली नाही. म्हणून ५७० हा आकडा महत्त्वाचा नाही. साध्या घरातली, आडव्या अंगाची गाडी श्रीमंतांच्या गाड्यांना पाणी पाजते, हे लोकांना आवडतं.

खंबाटकी:
बाप रे! १.७ वाला भाग दोनदा वाचला. आता कळलं. धन्यवाद.

वाचनमात्र:
+१. जुनापुराणा, यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.

शेवंता:
जुनापुराणांचा प्रतिसाद वाचून मला उलटाच मुद्दा सुचला. नियम वाचून गाडी आखणं हाच जर हिचा स्वभाव असेल, तर आजचा नियम कोणता आहे? कार्बनचा. मग आजची खरी जीटी-आर विजेवरचीच हवी.

आणखी एक. आर३२ पासूनची ताकद इंजिनाइतकीच अॅटेसा यंत्रणेत होती. एरवी मागच्या चाकांना जोर, घसरायला लागली की संगणक पुढे जोर पाठवणार. विजेच्या गाडीत प्रत्येक चाकामागे स्वतंत्र मोटर ठेवता येते आणि हेच काम कितीतरी पटीने झटपट होतं. हायपर फोर्समध्ये त्यांनी हजार किलोवॅट लिहिलं होतं, म्हणजे साधारण १३६० अश्वशक्ती, आणि घन-अवस्था बॅटरी, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली. त्या बॅटरीची चाचणी-उत्पादन साखळी योकोहामातच उभी आहे. आमच्याकडे नाशिकला साधी घरगुती इलेक्ट्रिक गाडी आहे. कसारा घाट चढताना ट्रकच्या मागून निघायचं असेल तेव्हा ती ज्या क्षणी उसळी घेते ना, तो क्षण आमच्या आधीच्या पेट्रोल गाडीने कधी दिला नव्हता. नवऱ्यानेही मान्य केलंय.

टॉर्कवेडा:
@शेवंता, उसळी मान्य. पण आवाज? कंप? गिअर बदलतानाचा झटका?

शेवंता:
आर३५ आली तेव्हा हातगिअर नाही म्हणून लोक रडले होते ना? दोन क्लचची स्वयंचलित पेटी, तीही मागच्या अॅक्सलला जोडलेली. तेव्हाही "ही खरी जीटी-आर नव्हे" असंच म्हटलं गेलं. शिवाय नावातली 'स्कायलाइन' काढली, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन काढून व्ही६ बसवलं. आज तीच आर३५ अस्सल ठरली. दहा वर्षांनी विजेवरचीही ठरेल.

गिअरबॉक्स:
हा मुद्दा बिनतोड आहे. टाळ्या.

जर्मनीतून:
पोर्शेच्या गावाजवळ, स्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे शत्रूच्या गोटातून लिहितोय म्हणा :)

शेवंता, तुमचं म्हणणं रस्त्यासाठी बरोबर, पण ट्रॅकवर एक अडचण आहे. निसानच्या अमेरिकेतल्या उत्पादन नियोजनाच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यांनी पूर्ण विजेचा विचार आणि चाचण्या करून पाहिल्या. न्युर्बुर्गरिंग या इथल्या ट्रॅकवर एखादी फेरी मारली की गाडी बराच वेळ चार्जिंगला लावावी लागेल, मग ती अस्सल जीटी-आर राहत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. दिशा हायब्रिडची आहे आणि दशक संपायच्या आत गाडी यावी असा प्रयत्न आहे, हेही त्यांचंच. आर३५ च्या ३.८ लिटर इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, ठेवून वरचा भाग नवा करायचा, असंही त्यांच्या बोलण्यात आलं. बाकी सगळ्या वावड्या एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्या पारड्यात घाला, कारण हे बोलणारा माणूस कंपनीतला आहे.

न्युर्बुर्गरिंग काय आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. जवळपास २१ किलोमीटरची एक फेरी, डोंगरातून, चढ-उतार ३०० मीटर. ठरलेल्या दिवशी पैसे भरून कुणीही आपली गाडी घेऊन जाऊ शकतो. मी आमची साधी स्टेशन वॅगन घेऊन गेलो होतो. अर्ध्या वाटेतच ब्रेक मऊ पडले आणि उरलेलं अंतर कडेकडेने आलो. तिथे २००८ मध्ये आर३५ ने तोशिओ सुझुकी यांच्या हाती ७ मिनिटं २९ सेकंदांची फेरी मारली. पोर्शेने तर जाहीर शंका घेतली की एवढी वजनदार गाडी एवढी जलद जाईलच कशी. २०१३ ला आर३५ च्या निस्मो या शर्यती वळणाच्या आवृत्तीने तोच आकडा ७:०८.६७९ वर आणला. फेरीनंतर फेरी तशीच मारता येणं, हे त्या गाडीचं खरं बळ. बॅटरी तापली की ते जातं.

शेवंता:
तापण्याचा मुद्दा मान्य आहे. पण घन-अवस्था बॅटरी आली की हे गणित बदलेल, आणि निसानने तिच्यासाठी २०२८ चं आर्थिक वर्ष सांगितलंय. तोवर हायब्रिड ही तडजोड म्हणून चालेल.

मायलेजकाका:
मायलेज किती देते?

जुनापुराणा:
काका, जपानी मोजणीप्रमाणे लिटरला ७.८ किमी. ट्रॅकवर नेलीत तर टाकी बघता बघता रिकामी.

मायलेजकाका:
मग हायब्रिडच बरी.

योकोहामातून:
धागा आत्ता पाहिला. मी रोज निसानच्या मुख्यालयासमोरून चालत कामाला जातो. तळमजल्यावर त्यांची गॅलरी आहे, कुणीही आत जाऊन गाड्यांत बसू शकतं. इमारत विकल्याची बातमी आली त्या आठवड्यात तिथे नेहमीपेक्षा गर्दी वाटली. आजोबा-नातू, शाळेच्या गणवेशातली पोरं. सगळे जीटी-आरपाशी.

डिझेलरावांनी पैशाचं सांगितलं, शेवंता आणि जर्मनीतून यांनी बॅटरीचं. मला वेगळीच काळजी आहे. आर३५ चं प्रत्येक इंजिन इथे योकोहामाच्या कारखान्यात एकाच माणसाने पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत हाताने जोडलंय. या कारागिरांना ताकुमी म्हणतात. १८ वर्षांत असे फक्त नऊ जण झाले. खोलीचं तापमान सांभाळायचं, धूळ येऊ द्यायची नाही, झडपांमधली फट स्वतः मोजून जुळवायची. काम झालं की त्यांच्या नावाची छोटी पट्टी इंजिनावर लावायचे. बॉनेट उघडलं की गाडी कुणाच्या हातची ते वाचता येतं.

त्याच कारखान्याच्या आवारात इंजिनांचं संग्रहालय आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, "बाबा, इंजिनावर नाव का लिहिलंय, चित्रावर लिहितात तसं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

आता ऑगस्ट २०२५ ला काम थांबलं. नवी गाडी २०२८ ला येवो की २०३० ला, मधल्या काळात या हातांना काय काम? आणि त्यांच्याकडून कोण शिकणार?

टॉर्कवेडा:
मी हा विचार केलाच नव्हता. नऊ माणसं! ४८,००० इंजिनं.

पैठणीवाली:
इथे मी नेहमी फक्त वाचते, पण आता लिहावंसं वाटलं. आमचं घर येवल्याचं, घरात तीन पिढ्या हातमाग आहे. दोन वर्षं माग बंद राहिला तर माग सुरू करता येतो, हात सुरू व्हायला वेळ लागतो. आणि मधल्या काळात पोरगा दुसऱ्या कामाला लागला तर तो परत मागावर बसत नाही. गाड्यांतलं मला कळत नाही, पण योकोहामातून यांची काळजी मला नीट कळली.

योकोहामातून:
@पैठणीवाली, अगदी हेच.

गिअरबॉक्स:
मग आता टोयोटाचा विषय काढायलाच हवा. ५ डिसेंबर २०२५ ला त्यांनी जीआर जीटी दाखवली. ही वावडी नाही, समोर उभी केलेली गाडी आहे. चार लिटरचा नवा व्ही८, दोन टर्बो, सोबत एक मोटर, मिळून ६५० अश्वशक्तीच्या वर, ८५० न्यूटन-मीटरच्या वर. टोयोटाचा पहिलाच पूर्ण अॅल्युमिनियमचा सांगाडा. वजन १,७५० किलोच्या आत ठेवायचं ध्येय, आणि २०२७ च्या सुमारास विक्री. आर३५ २००७ ला आली तेव्हा तिचं वजन १,७४० किलो होतं. म्हणजे व्ही८, मोटर आणि बॅटरी घेऊनही टोयोटा त्याच वजनावर राहू पाहते आहे! "हायब्रिड म्हणजे जड धूड" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

योकोहामातून:
आणि टोयोटाने ही गाडी आणताना 'शिकिनेन सेन्गू' हा शब्द वापरला. इसे या गावचं शिंटो मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, तेच माप, तीच पद्धत. मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. देवासाठी नवं घर हा एक भाग. दुसरा भाग असा की २० वर्षांत एक पिढी सुतारांची जुन्यांच्या हाताखाली काम करून तयार होते. टोयोटाच्या खास स्पोर्ट्स गाड्यांचंही तसंच: २००० जीटी, मग एलएफए, आता जीआर जीटी. ज्यांनी एलएफए केली ते निवृत्त व्हायच्या आत नव्या पोरांना शिकवता यावं, हा त्यामागचा विचार.

आर३५ १८ वर्षं चालली. म्हणजे निसानकडेही वेळ आहे, पण फार नाही.

डिझेलराव:
हे वाचून थोडा नरमलोय. तरी विचारतो, टोयोटाकडे पैसा आहे म्हणून ती हे करू शकते. निसानने कशाच्या जोरावर करायचं? होंडाशी विलीनीकरणाची बोलणी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २०२५ ला मोडली. त्यामुळे "एनएसएक्स आणि जीटी-आर एकाच पायावर" या वावडीत मला दम वाटत नाही.

जुनापुराणा:
एनएसएक्सचं नाव निघालं म्हणून. दुसरी एनएसएक्स घ्या: ३.५ लिटरचा व्ही६, दोन टर्बो, तीन मोटरी, ५८१ अश्वशक्ती. हायब्रिड म्हणून उत्तम यंत्र. २०२२ ला संपली तोवर जगभरात तीन हजारांच्या आसपास विकल्या गेल्या. का? जपानमध्ये किंमत २ कोटी ३७ लाख येन. तेवढ्या पैशात गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

आर३५ आली तेव्हा तिची किंमत होती ७७ लाख ७० हजार येन. त्या काळी जपानमध्ये पोर्शे ९११ टर्बोला दुपटीहून जास्त पडत होते. हे जमलं कसं? मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो यांनी गाडी अशी आखली की ती तोचिगीत इतर मॉडेलांच्याच साखळीवर जोडता यावी. वेगळा कारखाना नाही, वेगळा डामडौल नाही. पैसा इंजिन, गिअरपेटी आणि टायरवर. शेवटी शेवटी मात्र साधी आर३५ सुद्धा १ कोटी ४४ लाख येनच्या घरात गेली आणि निस्मोची खास आवृत्ती तीन कोटींवर. माझ्या मते गाडी खरी तिथेच हरवली. इंजिन की मोटर हा वाद दुय्यम आहे. आर३६ तीन कोटींना आली तर ती कितीही जलद असो, जीटी-आर नव्हे.

टॉर्कवेडा:
आकड्यांनी गप्प केलंत.

न्यूजर्सीवाला:
किमतीवरून आठवलं. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की आणता येते. पहिल्या आर३४ जानेवारी १९९९ च्या, म्हणून २०२४ पासून त्या कायदेशीर झाल्या आणि भाव आकाशाला भिडले. माझ्या मित्राने त्याआधीच आर३२ आणून ठेवली. मध्यस्थाने कागदपत्रांत घोळ घातला, गाडी चार महिने बंदरावर अडकून पडली. पण आली त्या दिवशी आम्ही तिघे रात्री दोनपर्यंत नुसते तिच्याभोवती उभे होतो. उजव्या बाजूचं स्टीअरिंग बघून मला एकदम घरची आठवण झाली.

खंबाटकी:
उजवं स्टीअरिंग तर आपल्याकडेही! मग भारतात आर३४ का आणता येत नाही?

गिअरबॉक्स:
कारण आपला नियम अमेरिकेच्या नेमका उलटा. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, वर जबर आयात शुल्क. त्यामुळे जुन्या जीटी-आरचा रस्ताच बंद. आर३५ अधिकृतपणे डिसेंबर २०१६ ला आली, दिल्लीत शोरूमची किंमत १ कोटी ९९ लाख रुपये. टॉर्कवेडा यांनी वांद्र्याला पाहिली ती त्यातलीच असणार.

खंबाटकी:
दोन कोटी देऊन आपल्या रस्त्यांवर चालवायची कुठे?

गिअरबॉक्स:
द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा, घाटात त्याहून कमी. त्यामुळे खरी जागा ट्रॅक: कोइम्बतूर, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, नाहीतर ग्रेटर नोएडाचा बुद्ध. महाराष्ट्रात असा ट्रॅक असावा, असं मला फार मनापासून वाटतं. पुण्याच्या परिसरात एवढे मोटार कारखाने, एवढी तरुण अभियंते मंडळी, आणि गाडी पळवायला कोइम्बतूर गाठायचं!

योकोहामातून:
जपानमध्येही हीच अडचण होती. इथे गाड्यांना १८० किमीचा लगाम असतो. आर३५ मध्ये उपग्रहाच्या मदतीने गाडीला कळतं की आपण मान्यताप्राप्त ट्रॅकवर आलो आहोत, मगच चालकाला तो लगाम काढता येतो. बाहेर पडलं की पुन्हा लगाम. मला हे फार आवडलं होतं.

अवांतर: इथे दाइकोकू म्हणून महामार्गावरचा थांबा आहे, जिथे शौकीन आपापल्या गाड्या घेऊन जमतात. गर्दी आणि आवाज वाढला की पोलीस रात्री तो बंद करतात. गेल्या महिन्यात तिथे चांदीसारख्या रंगाची आर३२ घेऊन एक साठीचे गृहस्थ भेटले. मोडक्या जपानीत विचारलं, नवी आली तर घ्याल का? त्यांनी उलट विचारलं, "नवीचं बॉनेट उघडलं तर आत काय दिसेल?" मी म्हटलं, बहुतेक प्लास्टिकचं झाकण. ते हसले आणि त्यांचं बॉनेट उघडून दाखवलं.

जर्मनीतून:
वा! हे वाचून धाग्याचं सार्थक झालं.

शेवंता:
मला तर याच्यात इलेक्ट्रिकविरुद्ध काही दिसत नाही. मोटरवरही नाव लिहिता येतं की! मोटरची गुंडाळीसुद्धा हाताने जुळवणारी माणसं असतात. बॅटरीचे संच जोडणारी असतात. त्यांनाही ताकुमी म्हणा.

टॉर्कवेडा:
@शेवंता, चार दिवसांपूर्वी हे वाचून मी भांडलो असतो. आता नाही. मूळ प्रश्नाचं माझं उत्तर बदललंय, ते नीट लिहितो.

कोणती वावडी खरी? जर्मनीतून यांनी सांगितलेली, हायब्रिड आणि दशकाच्या शेवटाला. निसानने जाहीर केलेल्या आराखड्यात नवी स्कायलाइन आहे, आणि नव्या गाड्यांच्या विकासाला लागणारा वेळ बराच कमी करायचं ठरलंय. आधी स्कायलाइन कशी येते ते बघू, तिच्यावरून बरंच कळेल.

काय आलेलं आवडेल? इंजिन हवं असं अजूनही मनात आहे, पण तो माझा हट्ट झाला. अट म्हणून दोनच ठेवतो. जुनापुराणांची किमतीची, म्हणजे जपानमधल्या नोकरदार माणसाला दहा-बारा वर्षं पैसे साठवून घेता यावी. आणि योकोहामातून यांची, आत कुणाचं तरी नाव असावं. इंजिनावर, मोटरवर, कुठेही.

डिझेलराव:
पहिली अट २०३० च्या येनमध्ये कशी बसवणार ते मला दिसत नाही. दुसरीला माझा पाठिंबा.

गिअरबॉक्स:
शेवंता विरुद्ध टॉर्कवेडा हा छत्तीसचा आकडा मिटला तर! आता गाडीचं नाव आर६३ ठेवा, ३ आणि ६ समोरासमोर :)

शेवंता:
हाहा, मंजूर.

पैठणीवाली:
@योकोहामातून, तुमच्या मुलीच्या प्रश्नाला पुढे काय उत्तर दिलंत?

योकोहामातून:
त्या दिवशी काहीच नाही. घरी आल्यावर तिने स्वतःच तिच्या लाकडी ठोकळ्यांच्या गाडीखाली पेन्सिलीने नाव लिहिलं. अजून आहे ती गाडी.

टॉर्कवेडा:
एक विनंती. संग्रहालयात पुन्हा जाणं झालं तर इंजिनावरच्या त्या पट्टीचा जवळून फोटो टाकाल का? अक्षरं वाचता येतील असा.

योकोहामातून:
रविवारी लेकीला घेऊन जातोय. फोटो तीच काढेल, संध्याकाळी इथेच टाकतो.